ऊन पाण्याचा बंदोबस्त

पुण्याच्या जुन्या वाड्यांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना पहाटेच्या स्नानाची आठवण होते तेव्हा आधी धुराचा वास आठवतो आणि पाण्याची ऊब त्यामागून येते. परसात, न्हाणीच्या दाराबाहेर, तांब्याचा बंब उभा असे. घरातले कोणीतरी सर्वांच्या आधी उठून, त्याच्या पोटातून उभ्या गेलेल्या नळ्यात करवंट्या, लाकडाच्या ढलप्या आणि गोवरीचा एखादा तुकडा टाकून तो पेटवीत असे. आणि काही वेळाने तोटीखाली घंगाळ सरकवल्याचा आवाज व पाठोपाठ 'पाणी काढलंय रे' ही हाक माजघरापर्यंत ऐकू येई. या बंबाकडे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्याची रचना मोठ्या शहाणपणाची वाटते. अग्नी मधोमध आणि पाणी त्याच्या सभोवार, त्यामुळे ज्वाळेची उष्णता चारी अंगांनी पाण्यातच जाते. राख जाळीतून खाली गळते आणि धूर वरच्या तोंडाने निघून जातो. दोष एवढाच, की सारी भिस्त साठ्यावर. पाच माणसांच्या हिशेबाने तापवलेले पाणी अवचित आलेल्या सहाव्या पाहुण्याच्या वाट्याला कोमट येई, आणि घरात एकटादुकटा माणूस असला तरी बंब पेटवायचा तो सगळाच पेटवावा लागे.

न्हाणीघरात भिंतीवर टांगलेला टाकीचा विजेचा गीझर हा या बंबाचाच वंशज होय. धूर गेला, साठा राहिला. त्यापुढची पायरी म्हणजे साठाच न ठेवणारे यंत्र: नळ सोडावा, वाहते पाणी वाटेतच तापावे, नळ बंद करताच अग्नीही विझावा. बाजारात 'इन्स्टंट' या नावाने मिळणाऱ्या विजेच्या लहान गीझरांच्या पोटात एक किंवा तीन लिटरांची टाकी असतेच. काटेकोर अर्थाने टाकीविरहित म्हणावा असा जो प्रकार आपल्याकडे घरोघर पोहोचला आहे, तो गॅस गीझर होय. तो घरात बसवून घेण्याचा प्रसंग गेल्या हिवाळ्यात प्रस्तुत लेखकावर आला, आणि त्या निमित्ताने असे ध्यानात आले, की यंत्राची निवड करण्यात आपण जेवढे दिवस घालवतो त्याच्या दशांशानेही ते बसवणाऱ्या माणसाची निवड करण्यात घालवीत नाही, आणि खरी मेख तेथेच असते.

'गीझर' हा शब्द मूळचा आइसलँडचा. त्या बेटावर हौकादालुर नावाच्या खोऱ्यात उकळत्या पाण्याचा एक प्रचंड कारंजा आहे. उसळणे या अर्थाच्या धातूपासून त्याला 'गेसिर' हे नाव पडले. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघन यांनी 1868 मध्ये गॅसच्या ज्वाळेवर वाहते पाणी तापवणारे यंत्र तयार केले, आणि त्याला हेच नाव दिले. या आद्य गीझरात एक भयंकर उणीव होती: जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडे त्याला नव्हते. पुढे जर्मनीतील देसाऊ येथे ह्यूगो युंकर्स यांनी, गॅसमध्ये नेमकी किती उष्णता दडलेली आहे हे मोजण्याचे उपकरण आधी सिद्ध करून, मग त्या मापाच्या आधारे स्नानाचे पाणी तापवणारी यंत्रे बनवण्याचा कारखाना काढला. 1915 मध्ये संपूर्ण धातूचे विमान उडवून दाखवणारे युंकर्स ते हेच. अशा विमानाच्या कर्त्याचे लक्ष एके काळी न्हाणीघरातील बंबाकडे लागलेले होते ही गोष्ट मौजेची खरी. परंतु दोहोंचे शास्त्र काही अंशी एकच आहे, कारण पातळ पत्र्याची कामगिरी आणि उष्णतेचा चोख हिशेब या दोन विद्या दोन्हीकडे लागतात.

हा हिशेब वाचकानेही एकदा मांडून पाहावा, कारण तो अगदी सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. पुण्याच्या थंडीत नळाचे पाणी सुमारे 20 अंशांवर असते आणि स्नानाला 40 अंश पुरतात असे धरले, तर वीस लिटरांच्या बादलीस 400 किलोकॅलरी पडतात. विजेचे एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. म्हणजे बादलीमागे सुमारे अर्धे युनिट. खर्च भारी नाही. अडचण वेळेची आहे. तीन किलोवॉटचे विजेचे यंत्र मिनिटाला 43 किलोकॅलरीच देऊ शकते, म्हणजे साठा न ठेवता त्याच्याकडून मिनिटास दोन लिटरांहून किंचित अधिक ऊन पाणी मिळणार, आणि बादली भरेपर्यंत नऊ मिनिटे नळापाशी तिष्ठावे लागणार. याउलट मिनिटास सहा लिटर पाणी 25 अंशांनी तापवणारा गॅस गीझर साडेदहा किलोवॉटांच्या बरोबरीचे काम करतो. तेवढेच काम विजेवर करू म्हटले तर सुमारे 45 अँपियर प्रवाह लागेल. जर्मनीत 18 ते 24 किलोवॉटांची अशी विजेची यंत्रे घरोघर आहेत. पण तेथे त्यांच्यासाठी तीन फेजांची जोडणी असते, आणि आपल्या सामान्य घराला वीज कंपनीने मंजूर केलेला भार हा बोजा सोसण्याजोगा नसतो. गॅसचा हिशेबही येथेच सांगून टाकतो: एका किलोत सुमारे 11,000 किलोकॅलरी असतात, त्यातल्या पाचातील चार भाग पाण्यात उतरले असे मानले तर बादलीमागे 45 ग्रॅम गॅस जळतो, आणि 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरात तीनशेहून थोड्या अधिक बादल्या निघतात.

साठा नसणे ही या यंत्राची थोरवी, आणि त्याचे सारे नखरेही तेथूनच उद्भवतात. ज्याच्यापाशी शिल्लक नाही त्याला सर्व काही ऐन वेळी आणि एकदम लागते: पाण्याचा दाब, गॅसचा पुरवठा, ठिणगी आणि हवा. यंत्राच्या तळाशी रबराचा एक पडदा असतो. पाणी वाहू लागले की पडद्याच्या दोन बाजूंवरील दाबांत तफावत पडते, पडदा सरकतो, त्याला लागलेली दांडी गॅसची झडप उघडते, आणि त्याच क्षणी एक बारीकशी कळ दाबली जाऊन दोन सेलांच्या बळावर ठिणगी पडते. वर तांब्याच्या पात्यांच्या जाळीतून वेटोळे घेत जाणारे पाणी त्या ज्वाळेने काही क्षणांत तापते. म्हणजे अग्नी पेटवण्याचा हुकूम येथे पाणीच देते. आणि पाण्याला जोर नसेल, तर यंत्र कितीही किमती असो, ते मुके राहते. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब देतो. त्यामुळे गच्चीवरील टाकीपासून जो जितका खाली राहतो त्याला तितका दाब अधिक, आणि टाकीच्या अगदी पायथ्याशी, सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारा, पाण्याच्या सर्वांत निकट असूनही दाबाला वंचित असतो. आमचे बिऱ्हाड नेमके वरच्या मजल्यावर आहे.

आमच्याकडे प्रथम आलेले कारागीर मोठे चपळ होते. न्हाणीघरात शिरून त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली, 'इथे मारून टाकतो, दोन तासांचं काम' असे सांगितले, आणि इसारादाखल काही रक्कम मागितली. त्यांना नकार देण्याइतके ज्ञान त्या वेळी आमच्यापाशी नव्हते. केवळ सुटे पैसे घरात नव्हते म्हणून ते काम दुसऱ्या दिवसावर गेले, आणि दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. त्यांच्या जागी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून जे गृहस्थ आले, त्यांना सारी सोसायटी 'मामा' म्हणते. पन्नाशी उलटलेले, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारा पाईप पाना. भिंतीकडे त्यांनी पाहिलेही नाही. न्हाणीघरातील दहा लिटरांची बादली रिकामी करून त्यांनी नळाखाली ठेवली, नळ पूर्ण सोडला, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत स्वस्थ उभे राहिले. बादली भरायला दोन मिनिटे आणि वर थोडे सेकंद लागले. मग त्यांनी आमच्या सौभाग्यवतींना हाक मारली, 'काकू, ओट्यावरचा नळ सोडा जरा,' आणि पुन्हा बादली लावली. या खेपेस साडेतीन मिनिटे झाली.

'काका, पाइप जुना आहे ना? जीआयचा?' त्यांनी विचारले. होय म्हणताच ते म्हणाले, 'चार सुती पाइप आतून दोन सुती झालाय. यात गीझर पेटेल, पण काकूंनी भांडी घासायला घेतली की विझेल.' ज्यांना या मापाचा परिचय नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, एका इंचाचे आठ सूत होतात. चार सुती म्हणजे अर्ध्या इंचाचा. लोखंडी पाइपावर जस्ताचा मुलामा असतो तोवर तो टिकतो. मुलामा गेला की आतून गंज चढत जातो आणि अर्ध्या इंचाची वाट पाव इंचाची होते. एवढी गोष्ट त्यांनी भिंत न फोडता, एक बादली आणि एक घड्याळ यांवरून ओळखली होती. यानंतर ते गच्चीवर जाऊन टाकीच्या तळाची उंची टेपने मोजून आले.

परंतु त्या दिवशीची सर्वांत महत्त्वाची परीक्षा त्यांनी शेवटी केली. देवघरातील एक उदबत्ती मागून घेऊन ती त्यांनी न्हाणीघराच्या झरोक्यापाशी धरली. दार बंद होते. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला आणि छताखाली रेंगाळत राहिला. झरोक्याकडे वळलाच नाही. 'इथे नाही लावणार मी,' ते म्हणाले. 'दुसरा कोणी लावून देईल, पण मी नाही.'

हा नकार किती मोलाचा होता हे समजण्यासाठी पुन्हा थोडा हिशेब करावा लागेल. एक किलो एलपीजी पूर्णपणे जळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते. सहा लिटरांचा गीझर पूर्ण ज्योतीवर चालू असता मिनिटास सतरा ग्रॅमांच्या आसपास गॅस खातो, म्हणजे मिनिटास सुमारे दोनशे लिटर हवा त्याला हवी. आपल्याकडील चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात सारी मिळून साडेपाच हजार लिटर हवा असते. दार लावून, झरोका झाकून कोणी दहा मिनिटे स्नान करीत राहिला, तर यंत्राने त्यापैकी दोन हजार लिटर हवेतील प्राणवायू गिळलेला असतो आणि त्याचा उच्छ्वास त्याच खोलीत सोडलेला असतो. प्राणवायू उणा पडला की ज्योत अपुरी जळू लागते, आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला त्याची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आहे, त्यामुळे तो एकदा रक्तात शिरला की प्राणवायूची जागा अडवून बसतो. डोके जड होते, मळमळते, गुडघ्यांतले बळ जाते. आणि आतून कडी लावलेल्या खोलीत माणूस खाली बसतो तो हाक मारण्याच्याही स्थितीत राहत नाही. सिलिंडरातील गॅसला मुद्दाम मिसळलेला मरकॅप्टनचा उग्र दर्प असतो, म्हणून लोक गळतीला भितात. हा दुसरा वायू मात्र न बोलावता येतो आणि न सांगता राहतो. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून गीझरमुळे झालेल्या मृत्यूंच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांपैकी पुष्कळांच्या मुळाशी हीच गोष्ट असते. मॉघन यांच्या यंत्राला धुराडे नव्हते. दीडशे वर्षांनंतर आपल्या बाजारात विकले जाणारे बहुसंख्य लहान गॅस गीझरही जळका वायू डोक्यावरच्या फटींतून खोलीतच सोडतात. भारतीय मानक ब्युरोने या प्रकारच्या यंत्रांसाठी आयएस 15558 हे मानक घालून दिलेले आहे, आणि खरेदी करताना ती खूण पाहावीच. पण कोणतेही मानक यंत्राच्या खोलीला खिडकी पाडून देऊ शकत नाही.

मामांनी सुचवले ते असे, की यंत्र स्वयंपाकघरामागील कपडे वाळवण्याच्या उघड्या गॅलरीत लावावे आणि तेथून न्हाणीघरापर्यंत ऊन पाण्याचा पाइप न्यावा. पाइप बारा फुटांनी वाढला. याचा तोटा काय, तर नळ सोडल्यावर वाटेत निवत पडलेले सुमारे अर्धा लिटर पाणी आधी गार येते. हा दंड त्यांनी आधीच सांगून टाकला होता. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळलाच तर जमिनीलगत साचतो, म्हणून गॅलरीच्या कठड्याला खालून मोकळी जाळी आहे हे त्यांनी वाकून पाहिले. नळाने येणारा गॅस हवेहून हलका असतो आणि त्याला वरची वाट लागते. एका जातीच्या गॅससाठी बनवलेले यंत्र दुसऱ्या जातीवर परस्पर चालवू नये, कारण दोहोंच्या ज्वालकांची छिद्रे निराळी असतात, हेही त्यांनी ओघात सांगितले.

येथे या कामातील मुख्य पेच उघड होतो. एकाच भिंतीवर तीन हुन्नरांचे लोक एकत्र येतात: पाणी नळकारागिराचे, गॅस गॅसवाल्याचा, आणि विजेचे यंत्र असेल तर तार तारतंत्र्याची. प्रत्येकाचे काम नीट झाले तरी हवेची जबाबदारी कोणाकडेच नसते. 'प्लंबर' हा शब्द शिसे या अर्थाच्या लॅटिन 'प्लंबम'वरून आला, कारण रोमन लोकांचे पाण्याचे नळ शिशाचे असत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत 'नळ कारागीर' या नावाने एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आणि त्यात नळ शिकवतात. न्हाणीघराच्या झरोक्याकडे पाहावे ही अक्कल मात्र ज्याच्या त्याच्या सचोटीवर अवलंबून राहते. म्हणून कारागीर ठरवताना तो किती घेतो हे विचारण्यापूर्वी तो काय विचारतो ते ऐकावे. टाकी किती उंच, पाइप कोणता, पाणी महापालिकेचे की बोअरचे, एकाच वेळी किती नळ चालतात, सिलिंडर कोठे राहणार, खिडकी कोणत्या बाजूला: यांतले चार प्रश्न तरी ज्याच्या तोंडून निघाले नाहीत, त्याच्या हाती पाना देऊ नये.

व्यवहाराच्या बाबतीत संकोच बाळगू नये. मालाचा आणि मजुरीचा हिशेब वेगवेगळा लिहून घ्यावा. एल्बो, टी, युनियन, व्हॉल्व यांची संख्या मजकुरात यावी. भिंत फोडली तर बुजवून रंगाचा हात कोणी द्यायचा हे आधीच ठरावे, कारण तंटे बहुधा तेथेच होतात. बाहेरच्या भिंतीतून पाइप जाणार असेल तर सोसायटीचा ना-हरकत दाखला घ्यावा. यंत्राच्या हमीच्या अटींत जोडणी कंपनीच्या माणसाकडूनच व्हावी असे कलम असल्यास नळाचे काम आपल्या कारागिराने आणि अखेरची जोडणी त्या माणसाने, अशी वाटणी करता येते. पैसे तीन हप्त्यांत द्यावेत, आणि शेवटचा हप्ता आठवडाभर वापर झाल्यावर.

प्रत्यक्ष काम दीड दिवस चालले. गंजका पाइप काढून त्याजागी सीपीव्हीसीचा आला. हा 93 अंशांपर्यंतची उष्णता सोसतो, साधा यूपीव्हीसी 60 अंशांच्या पलीकडे मऊ पडतो, त्यामुळे स्वस्त मिळाला तरी तो ऊन पाण्याला चालत नाही. यंत्रालगतचा तुकडा धातूच्या लवचीक नळीचा ठेवला. गार पाण्याच्या वाटेवर जाळी बसवली, म्हणजे टाकीतील रेव रबरी पडद्यापर्यंत पोहोचत नाही. आट्यांवर टेफ्लॉनची फीत गुंडाळताना मामा ती आट्यांच्या दिशेनेच फिरवीत. उलट गुंडाळली तर घट्ट करताना ती उकलते, असे त्यांचे म्हणणे. गॅसच्या सांध्यांची परीक्षा त्यांनी साबणाच्या फेसाने केली. एका सांध्यावर मोहरीएवढा बुडबुडा धरला. त्यांनी सांधा उलगडला, फीत काढून टाकली आणि सारे पुन्हा पहिल्यापासून केले.

जाताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. पहिली पाण्याबद्दल. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते, आणि ते बहुधा बोअरचे, दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियमचा बायकार्बोनेट तापताच विघटित होऊन तांब्याच्या नळीत चुनखडीचा थर धरतो, थरामुळे उष्णता पाण्यात उतरत नाही आणि वाटही अरुंद होते. म्हणून दर वर्षी थंडीपूर्वी सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावाने नळी धुऊन घ्यावी. त्यांनी पावतीच्या मागे पुढच्या ऑक्टोबरची तारीख लिहून दिली. दुसरी गोष्ट ज्योतीबद्दल. 'निळी आहे तोवर काही बघायचं नाही. टोकं पिवळी दिसली की वापर बंद, आणि मला फोन.'

पहिल्या दिवशी सकाळी न्हाणीघरातील नळ सोडल्याचा आवाज आला आणि गॅलरीत 'भप्' करून ज्योत पेटली. वाड्यातल्या परसाप्रमाणे अग्नी पुन्हा न्हाणीच्या बाहेर गेला होता, आणि इतक्या खटाटोपाने आम्ही मिळवले ते एवढेच होते. परसातला बंब धूर करी. त्याचे काही बिघडले तर सगळ्या वाड्याचे डोळे चुरचुरत, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष ठेवण्यास कोणी निराळा नेमावा लागत नसे. या नव्या अग्नीला धूर नाही. त्याचा रंग जाऊन पाहावा लागतो. आमच्या घरी सर्वांच्या आधी उठतो तो मी. चहाचे आधण ठेवून गॅलरीच्या दारातून एकदा डोकावतो, आणि निळे दिसले की मग वर्तमानपत्र उघडतो.